चालत्या गाडीची दुरुस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी मोटार हौसेने विकत घेणाऱ्या माणसाच्या मनात पहिल्याच दिवशी एक चित्र उभे राहिलेले असते. गाडी पूर्ण खोलायची, पत्रा उघडा पाडून गंज काढायचा, इंजिन उतरवायचे, नवा रंग द्यायचा आणि मग एके दिवशी ती नव्यासारखी रस्त्यावर आणायची. वेळ, जागा, पैसा आणि अनुभव हाताशी असणाऱ्यांनी अशी कामे उत्तम रीतीने तडीस नेलेली आहेत. पण अनेकांच्या बाबतीत पुढे काय घडते, हे मी जवळून पाहिले आहे. उत्साहाच्या भरात सुटी केलेली गाडी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहते, कोणता बोल्ट कुठला हे आठवेनासे होते आणि अखेरीस एक सांगाडा व खोकी भरून सुटे भाग दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली केले जातात. आज मी ज्या मार्गाविषयी बोलणार आहे, त्यात गाडी रोज वापरायची असते आणि वापरता वापरताच, एकेक भाग हाती घेत, तिला काही वर्षांत पूर्वपदावर आणायचे असते. माझी स्वतःची चार सिलिंडरची, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली गाडी मी गेली अकरा वर्षे अशीच सांभाळत आलो आहे.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ नावाचा एक जागतिक महासंघ आहे. त्याची स्थापना १९६६ साली झाली. त्याने केलेल्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षे जुने असावे, इतिहासाला धरून असलेल्या स्थितीत जपलेले असावे आणि ते रोजच्या वाहतुकीचे साधन नसावे. या तिसऱ्या अटीमागचा विचार मी समजू शकतो. रोज धावणारी गाडी झिजते, पावसात भिजते, अपघाताच्या शक्यतेला सामोरी जाते. परंतु उभ्या गाडीचेही हाल होतच असतात. ऑइल सील कोरडे पडून आक्रसतात, ब्रेकच्या सिलिंडरांना आतून गंजाचे खड्डे पडतात, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट थर राहतो, बॅटरी निकामी होते. शिवाय उभी गाडी आपल्याला काहीच सांगत नाही, आणि माझ्या मते हे तिचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

चालती गाडी मात्र सतत काही ना काही सांगत असते. वीस मिनिटे चालवल्यावरच इंजिन मिस होऊ लागले, तर संशय इग्निशनमधल्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतल्या, तापल्यावर दगा देणाऱ्या कॉइलवर किंवा कंडेन्सरवर जातो. वळणावर एकाच बाजूने गुरगुर ऐकू आली, तर चाकाच्या बेअरिंगची आठवण होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पूर्ण खोलून पुन्हा बांधलेल्या गाडीत शंभर भाग एकाच वेळी बदललेले असतात आणि ती नीट चालली नाही, तर दोष त्या शंभरांपैकी कशात आहे, हे शोधता शोधता माणूस मेटाकुटीला येतो. चालत्या गाडीत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. काल रात्री बसवलेल्या भागामुळे आज सकाळी आवाज येऊ लागला असेल, तर शोध तिथूनच सुरू करायचा, एवढे तरी निश्चित असते. म्हणूनच मी कधीही एका दिवशी इग्निशन आणि कार्ब्युरेटर या दोन्हींना हात लावत नाही, मग दोन्ही कामे कितीही सोपी वाटोत.

या पद्धतीत शिस्त मात्र कडक लागते. लागणारा प्रत्येक भाग, पॅकिंग आणि बोल्टसुद्धा हाती आल्याशिवाय पाना उचलायचा नाही, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी उघडलेले काम रात्री मिटलेच पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने कामावर जायचे असते. जी जोडणी एका दिवसात होणार नाही, तिच्यासाठी एक चांगला उपाय आहे. तोच भाग जुन्या बाजारातून दुसरा मिळवावा, तो टेबलावर सवडीने खोलावा, साफ करावा, त्याची झिजलेली अंगे बदलावीत, आणि तयार झाल्यावर तासा-दोन तासांत गाडीवरचा भाग काढून हा बसवावा. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, वायपरची मोटर ही सारी कामे मी अशीच केली. उतरवलेला जुना भाग मग पुढच्या खेपेसाठी फळीवर तयार राहतो.

कामांचा क्रम ठरवताना मन नेहमी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींकडे ओढ घेते. क्रोमचे बंपर, आसनांची कव्हरे, रंग. रोज वापरायच्या गाडीत मात्र पहिला मान ब्रेकचा, आणि याबाबतीत मी कोणतीही तडजोड मानत नाही. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना मिळून एकच तेलमार्ग असे. त्यात कुठेही गळती झाली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अशा गाडीतले धातूचे पाइप आणि रबरी होज चांगले दिसत असले, तरी त्यांचे वय माहीत नसेल तर बदलावेत. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरले की तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे मानकच सांगते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर ब्रेक तापले आणि हे ओलसर तेल उकळले, तर वाफ दाबली जाते आणि पाय थेट खाली जातो. दर दोन वर्षांनी तेल बदलणे आणि हवा नीट काढणे हे एका सकाळचे काम आहे.

रबरी होजविषयी एक अनुभव सांगतो. गाडी घेतल्यानंतर काही महिन्यांतच तिचे पुढचे डावे चाक प्रवासानंतर उजव्यापेक्षा बरेच गरम लागू लागले. गाडी किंचित डावीकडे ओढत होती. मी चाकाचा सिलिंडर बदलला, ब्रेक शू बदलले, स्प्रिंगा बदलल्या आणि तरीही चाक तापतच राहिले. शेवटी होज काढून धारदार पात्याने मधोमध चिरला. बाहेरून काळाभोर, एकही चीर नसलेला तो होज आतून इतका सुजला होता की, भोकातून टाचणीसुद्धा जेमतेम सरकत होती. पायाच्या जोराने तेल चाकापर्यंत जात होते, पण पाय काढल्यावर परत येताना अडत होते, आणि ब्रेक धरून राहत होता. त्या कापलेल्या होजचा तुकडा मी अजून ठेवला आहे. जुने ड्रम उघडणाऱ्यांना इथेच एक सूचना द्यावीशी वाटते: पूर्वीच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, त्यामुळे ड्रममधली धूळ कधीही हवेच्या झोताने उडवू नये, ती ओली करून पुसून घ्यावी.

ब्रेकपाठोपाठ टायर आणि पेट्रोलचे पाइप येतात. टायरच्या बाजूवरील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात. २००० सालापासूनच्या टायरांवर त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेला जुना टायर ओल्या रस्त्यावर धोक्याचा असतो. पेट्रोलच्या जुन्या रबरी पाइपांना इथेनॉलमिश्रित इंधन सोसत नाही, ते मऊ पडतात किंवा तडकतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

विजेच्या बाबतीत थोडे सविस्तर बोलतो, कारण जुन्या गाडीच्या वायरिंगला नावे ठेवणे सोपे असते आणि तिचे मोजमाप फार थोडे जण करतात. माझ्या गाडीचे हेडलाइट पिवळट आणि मंद होते. जास्त वॉटचे बल्ब बसवावेत, असा सल्ला मला मिळाला होता. मी आधी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, बल्बच्या टोकांशी मात्र ११.९ भरले. साध्या फिलामेंटच्या बल्बचा स्वभाव असा की, व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मग इथे किती घटला असेल, याची कल्पना करावी. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थिंगला लावली, तेव्हा त्या दोन बिंदूंमध्येच १.१ व्होल्टचा फरक दिसला. म्हणजे निम्म्याहून अधिक घट एका गंजलेल्या स्क्रूखाली दडलेली होती. तो स्क्रू काढला, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, तारेला नवे टर्मिनल लावले, वरून ग्रीस चोपडले. पुढच्या सुट्टीत रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवला, जेणेकरून सगळा करंट डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून फिरून येणार नाही. बल्ब तेच राहिले आणि रस्ता उजळला. जास्त वॉटचे बल्ब लावले असते, तर त्याच अशक्त तारांतून अधिक करंट वाहिला असता आणि स्विच जळाला असता.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश बदलताना होणारी एक चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की, तिचा उल्लेख टाळता येत नाही. धातूच्या नळीला घट्ट चिकटवलेला रबराचा बुश घसरत फिरत नाही, तो पिळवटून काम करतो. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच त्याचा बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच बुशला कायमचा पीळ बसतो आणि नवा कोरा बुश थोड्याच काळात फाटतो. बोल्ट हाताने बसता ठेवावा, गाडी चाकांवर उतरवावी, पुढेमागे ढकलून स्थिर होऊ द्यावी आणि मगच तो पूर्ण आवळावा.

इंजिनाकडे मी शेवटी वळलो, आणि तेही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्यावर. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तेल फारसे जळत नसेल, तर इंजिन उघडण्याचा मोह आवरावा. जुन्या इंजिनांबाबत शिसेविरहित पेट्रोलची चिंता अनेकांना असते. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळण्याचा शोध १९२१ साली लागला आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्याची विक्री जगातून संपली ती जुलै २०२१ मध्ये, अल्जेरियात. या शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतो, त्या मऊ सीटांना संरक्षण मिळत असे. ते गेल्यावर सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतू लागतो आणि त्याचा टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, कमी कमी होत जातो. त्यामुळे ठरावीक अंतरानंतर गॅप मोजून लिहून ठेवला, तर झीज होते आहे की नाही, हे वहीच सांगते. माझ्या गाडीत तो आजवर जवळजवळ हललेला नाही, म्हणून इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, अजून उतरवलेले नाही.

या मार्गाची खरी कसोटी गंजापाशी लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की पत्रे एकमेकांपासून फुगून दूर जातात आणि वरच्या रंगावर फोड दिसेपर्यंत आतले काम आटोपलेले असते. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्या वेगळी चासी नसलेल्या गाडीचा कणाच असतात. त्या बदलायच्या तर गाडी काही दिवस उभी ठेवावीच लागते. इथे सकाळी उघडून रात्री मिटवण्याचा नियम मी मोडला आणि तो मोडणेच योग्य होते. एका वेळी एकच बाजू घेतली. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा टेकू वेल्ड करून घेतला, तिरकस अंतरे मोजून भिंतीवर लिहिली आणि प्रत्येक टाक्यानंतर दार लावून पाहिले. दोन्ही बाजू एकदम कापल्या असत्या, तर गाडी मधोमध किंचित वाकली असती आणि पुन्हा दारे कधीच नीट लागली नसती. नवा पत्रा बसल्यावर आतल्या पोकळीत मेण फवारले, आणि पाणी बाहेर पडण्याची खालची भोके तारेने मोकळी केली. ती भोके दर पावसाळ्याआधी मी आजही तपासतो. चिखलाने बुजलेले असे एक लहानसे भोक नव्या सिलची माती करू शकते.

रंग अजून जुनाच आहे. बॉनेटवर त्याचा थर इतका पातळ झाला आहे की, कडांना खालचा प्रायमर दिसतो. पत्र्याचे एकही काम शिल्लक नाही, अशी खात्री होईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही, आणि कदाचित त्यानंतरही लावणार नाही, कारण तो रंग कारखान्यात लागलेला आहे आणि तो एकदाच लागतो.

गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात एक वही असते. तीत तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, घातलेले तेल आणि ऐकू आलेला प्रत्येक नवा आवाज लिहिलेला असतो. गेल्या आठवड्यातली नोंद अशी आहे: ‘थंड असताना तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात येताना खरखर. गरम झाल्यावर नाही.’ गिअर ऑइल आणले आहे, झाकणाचे पॅकिंगही आणले आहे. येत्या सुट्टीला आधी तेवढे तेल बदलून पाहणार आहे. खाली उतरलेल्या तेलात पितळी कण चमकले, तर दुसरा गिअरबॉक्स शोधायला लागेन, आणि तो टेबलावर तयार होईपर्यंत थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना घाई न करता क्लच दोनदा दाबत जाईन.

नमस्कार.