झाकली मूठ

[दृश्य: पुणे, विधी महाविद्यालय रस्ता, फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रवेशद्वार]

पुण्यात चित्रपटाच्या प्रसिद्धीचा विषय निघाला, की डोळ्यांसमोर येते ती ‘प्रभात’ची तुतारी. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या या कंपनीचे बोधचिन्ह होते तुतारी फुंकणारी स्त्री. पुढे कंपनी बंद पडली आणि १९६० साली तिच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले, तरी ती तुतारी जाणकारांच्या स्मरणातून गेलेली नाही. आपल्या माणसाची तुतारी फुंकणे एवढेच प्रसिद्धीवाल्याचे काम, अशी आपली समजूत असते. ‘फ्लॅक’ या ब्रिटिश मालिकेत मात्र पैसे मिळतात ते आवाज बाहेर जाऊ न देण्याचे.

[दृश्य: रात्र, हॉटेलचा लांब बोळ]

पहिल्या भागाच्या आरंभीच नायिका रॉबिन हॉटेलच्या खोलीत, बेशुद्ध पडलेल्या एका तरुणाच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देताना दिसते. तरुण जगला पाहिजे, हे खरेच. पण त्या खोलीत आणखी कोण होते, हे कोणालाही कळता कामा नये, यासाठी तिला बोलावलेले आहे. ॲना पॅक्विन हा प्रसंग अशा सराईतपणे करते, की असली रात्र रॉबिनच्या आयुष्यात पहिली नाही, हे न सांगताही कळते.

ऑलिव्हर लॅन्सली यांनी निर्माण केलेली ही मालिका २०१९ साली सुरू झाली आणि प्रत्येकी ६ भागांच्या दोन पर्वांत संपली. लंडनमधील ‘मिल्स पॉल्सन’ या काल्पनिक प्रसिद्धी-कंपनीत रॉबिन काम करते; तिथे कॅरोलाइन ही थंड डोक्याची मालकीण, ईव्ह ही जिभेला हाड नसलेली सहकारी आणि मेलडी ही नवशिकी उमेदवार आहे. हसू येते ते बहुधा ईव्हमुळे आणि अंगावर काटा येतो तो मेलडीमुळे, कारण सुरुवातीला बावरलेली ही मुलगी हळूहळू या धंद्यात रुळत जाते.

[दृश्य: बालगंधर्व रंगमंदिराचे आवार, प्रयोगांच्या पाट्या]

आपल्याकडे नाटकाची प्रेस नोट छापून यावी म्हणून वार्ताहरांची मनधरणी करावी लागते. तिथे ती छापून येऊ नये म्हणून सौदा होतो, आणि एक बातमी दाबायची तर बदल्यात दुसरी, तितकीच चमचमीत, हाती द्यावी लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; या कंपनीचा सारा हिशेब त्या सव्वा लाखावर चालतो.

दर भागातल्या नव्या तारांकितांच्या भानगडी काही काळाने सारख्या वाटू लागतात, हे मान्य केले पाहिजे. मालिका तोलून धरते ती रॉबिनची स्वतःची मूठ. मूल व्हावे म्हणून आस लावून बसलेल्या जोडीदारापासून, सॅमपासून, ती गर्भनिरोधक गोळ्या लपवते, सुटलेले व्यसन पुन्हा जवळ करते, आणि गिऱ्हाइकांसाठी ज्या सफाईने खोटे रचते त्याच सफाईने घरातही रचते. रॉबिनच्या आईने आत्महत्या केलेली आहे. ते ओझे रॉबिनसोबत वाहणाऱ्या तिच्या बहिणीपुढे, रूथपुढे मात्र तिची कोणतीच प्रेस नोट फार काळ टिकत नाही.