शेफ व्हायचंय? आधी भात गार करायला शिका

(ओट्यावर एक खोल स्टीलचा टोप, शेजारी दोन उथळ ट्रे. निवेदक कॅमेऱ्याकडे बघून.)

नमस्कार मंडळी. घरात एखाद्याच्या हाताला चव असली की गणपतीत, बारशाला, कुठेतरी कुणीतरी म्हणतंच, "अरे, तू हॉटेलातच का नाही जात?" आणि बारावी झाली की तो पोरगा, ती पोरगी खरंच निघते. तिथे गेल्यावर पहिले कित्येक दिवस त्यांच्या हाताच्या चवीची चौकशी कुणी करत नाही. प्रश्न येतात ते असे: कांदा किती निघाला? ट्रेवर तारीख घातलीस का? ग्रेव्ही किती वाजता उतरवली? आज आपण या प्रश्नांबद्दल बोलणार आहोत, कारण घरचा सुगरण आणि पगारी शेफ यांच्यातला फरक तिथेच आहे.

शिक्षणाचं आधी उरकून टाकतो. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांमध्ये जाता येतं. आपल्या दादरची संस्था 1954 सालची, गोव्यात पर्वरीला दुसरी. पदवी नको असेल किंवा परवडत नसेल, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याला उगाच कमी लेखू नका. कागद कुठलाही आणा, किचनमध्ये शिरताना तुम्ही कॉमीच, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचा शिकाऊ स्वयंपाकी. कॉमी थ्री, टू, वन, मग डीसीडीपी (एका विभागाचा उपप्रमुख), सीडीपी (त्या विभागाचा प्रमुख), सू शेफ (मुख्य शेफचा उजवा हात), आणि फार वर्षांनी एक्झिक्युटिव्ह शेफ, अख्ख्या किचनचा प्रमुख. ही उतरंड मुळात फ्रेंच. 1890 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेलेल्या ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफनी कामाची अशी वाटणी रुळवली आणि ती जगभर पसरली. आपल्या हॉटेलांत तिच्या जोडीला तंदूर आणि हलवाई हे विभाग आले, एवढंच.

सुरीबद्दल थोडक्यात. बोटांची टोकं आत वळवून धरायची, पातं बोटांच्या पेरांना टेकून चाललं पाहिजे. सुरीला धार हवीच. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोरात सटकलेली सुरी बोटावर येते. वेगाचे व्हिडिओ बघून वेग वाढवू नका. तुकडे एकसारखे आले पाहिजेत, नाहीतर बारीक कांदा करपतो तेव्हा जाडा अजून कच्चाच असतो.

(टोप पुढे ओढतो.)

आता भात. या टोपात शिजलेला, वाफाळता भात आहे. दुपारची गर्दी सरली, भात उरला. झाकण ठेवून संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहू द्यायचा? घरी आपण हेच करतो आणि सकाळी फोडणीचा भात खातो. खरं सांगायचं तर माझ्या आवडीचा नाश्ता तोच. पण हॉटेलात हे चालत नाही, आणि का चालत नाही ते कॉमीला समजलंच पाहिजे.

तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. उकळत्या पाण्यात बाकीचे जिवाणू मरतात, हे बीजाणू तग धरतात. भात हळूहळू कोमट होत गेला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. या विषाचा एक प्रकार तर असा चिवट आहे की भात पुन्हा कडकडीत गरम केला, कढईत परतला, तरी नष्ट होत नाही. खाणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू. म्हणजे "परत गरम केलं की झालं" हा आपला घरगुती दिलासा इथे लागूच पडत नाही.

म्हणून 5 ते 60 अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा. अन्न एकतर 60च्या वर गरम ठेवा किंवा 5च्या खाली गार, मधल्या पट्ट्यातून झटपट पार करा. 60वरून 21पर्यंत दोन तासांच्या आत यायलाच हवं. या खोल टोपात ते होत नाही. वरचा थर गार लागतो, बोट घाला, आत चटका बसतो.

(भात उलथण्याने ट्रेमध्ये पसरवतो.)

असा पातळ पसरायचा. थराची जाडी निम्मी केली की मधला भाग गार व्हायला साधारण पाव वेळ पुरतो. ग्रेव्ही असेल तर टोप बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळत राहा. गरम टोप तसाच फ्रीजमध्ये ढकलायचा नाही, शेजारचं दूध आणि मासळीही कोमट होते. गार झाल्यावर झाकण, वर चिकटपट्टी, तिच्यावर पदार्थाचं नाव, तारीख, वेळ. जुना माल पुढे, नवा मागे. पुन्हा वाढताना गाभ्यात 75 अंश. थर्मामीटर खुपसून बघायचे, अंदाजाने नाहीत.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि ही हौशी माणसाला सगळ्यात जड जाते. कोळंबी 600 रुपये किलो आणली असं धरू. डोकं, साल, दोरा काढल्यावर हातात साधारण अर्धा किलो उरते. म्हणजे तुमची कोळंबी 1200 रुपये किलोची. प्लेटला 120 ग्रॅम घातली तर 144 रुपये. तेल, मसाला, सोबतचं काय ते मिळून 36 धरा. झाले 180. बऱ्याच ठिकाणी कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या 30 टक्क्यांच्या आसपास ठेवतात, म्हणजे मेन्यूवर 600 रुपये लागणार. आता साल काढल्यावरचं वजन विसरलात, तर हिशेबात खर्च येतो 108 आणि तुम्ही किंमत ठेवता 360. प्रत्यक्षात निम्मे पैसे कच्च्या मालातच गेले. भाडं, पगार, गॅस कुठून देणार?

यात लग्नाच्या आचाऱ्याला मी डिग्रीवाल्यांच्या वर मानतो. तो विचारतो, "पानं किती?" आणि तांदूळ, डाळ, गूळ तोंडी सांगतो, फारसं उरत नाही. तुम्हाला ओळखीत असा आचारी असेल तर सुट्टीत त्याच्या हाताखाली उभे राहा.

शेगडीवरचं एकच सांगतो. कढईत चिकनचे तुकडे गच्च भरले की ते पाणी सोडतात, आणि ते पाणी आटेपर्यंत तुकड्यांचा पृष्ठभाग 100 अंशांपाशी अडकतो. खमंग तपकिरी रंग यायला साधारण 140 लागतात. गर्दीच्या वेळी हा मोह फार होतो. दोन घाण्यांत काढा.

ट्रायलला, म्हणजे नोकरीआधी किचनमध्ये काम करून दाखवायला, बोलावणं आलं तर खिशात मार्कर, छोटी वही आणि प्रोब थर्मामीटर ठेवा. पायात न घसरणारे, पुढून बंद बूट. आणि पगाराआधी एक विचारा: ब्रेक शिफ्ट आहे का? म्हणजे सकाळी दहा ते तीन, मग पुन्हा सहा ते अकरा. घर बदलापूरला आणि हॉटेल कुलाब्याला असेल, तर मधले तीन तास घरी जाता येणार नाही. ते कुठे काढायचे याची सोय आधीच बघून ठेवा.