शिआनबेई ते पुणे

नमस्कार मंडळी. आज चीनहून घरी परतण्याबद्दल बोलायचंय. चीन फिरून आलेली माणसं भिंतीचे फोटो दाखवतात, मातीच्या सैन्याचे दाखवतात, पांडाचे तर दाखवतातच, पण परत कसे आलात असं विचारलं की एक लांब सुस्कारा टाकतात आणि चहा मागवतात. मला त्या सुस्काऱ्याबद्दल बोलायचंय.

आम्ही गेलो होतो ऑक्टोबर २०२४ मध्ये. मी, दादा आणि आमची आई, वय ७१. तेव्हा भारत-चीन थेट विमानं बंद होती, २०२० पासून बंद होती ती २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस कोलकाता-ग्वांगझू अशी पुन्हा सुरू झाली. म्हणजे आम्हाला तुकड्यातुकड्यांनीच यायचं होतं. मातीच्या सैन्याजवळचं शहर शिआन, तिथून बुलेट ट्रेनने दक्षिणेकडचं ग्वांगझू, तिथून दुसऱ्या ट्रेनने हाँगकाँग, हाँगकाँगहून विमानाने मुंबई, आणि मुंबईहून गाडीने पुणे. चार तुकडे. कागदावर अगदी सोपं दिसतं हो.

एक गोष्ट आत्ताच सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगणारे, कंटाळू नका. परतीच्या विमानाच्या आधी एक रात्र मोकळी ठेवा. शेवटचा दिवस खरेदीला किंवा राहिलेलं देऊळ बघायला देऊ नका. एक रात्र मोकळी ठेवा. दादाला ते पटत नव्हतं, एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे उगाच जातात असं त्याचं म्हणणं होतं, पण मी हट्ट धरला.

आता ती सकाळ सांगते.

सात वाजता आम्ही टॅक्सीत बसलो आणि ड्रायव्हरला म्हटलं, शिआन स्टेशन. त्याने मान हलवली आणि जुन्या तटबंदीला लागून असलेल्या त्या भल्यामोठ्या स्टेशनासमोर आणून सोडलं. बॅगा मशीनमधून गेल्या, सगळं ठीक. चीनमध्ये आता कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. तर गेटवरच्या मुलीने आईचा पासपोर्ट लावला, लाल दिवा. माझा लावला, लाल. दादाचा लावला, लाल. मग तिने माझ्या मोबाईलवरचं बुकिंग बघितलं आणि एका अक्षरावर बोट ठेवलं, परत परत ठेवलं.

बुकिंगवर लिहिलं होतं शिआनबेई. आम्हाला वाटलं शिआनलाच असं लिहीत असतील. बेई म्हणजे उत्तर. शिआनबेई म्हणजे शिआन उत्तर, ते वेगळंच स्टेशन, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बुलेट ट्रेन तिथून सुटते. घड्याळात सात पंचेचाळीस आणि गाडी साडेआठची.

आई तिथेच बॅगेवर बसली. एक शब्द बोलली नाही, फक्त पदर डोक्यावरून घेतला, आणि आई असं करते तेव्हा ती घाबरलेली असते हे आम्हा दोघा भावंडांना लहानपणापासून माहितीये.

आमच्या मागे रांगेत एक बाई होत्या, साधारण पंचावन्न-साठीच्या, जांभळं कापूस भरलेलं जॅकेट, आणि पायाशी डाळिंबांचं खोकं, वरून प्लास्टिकच्या सुतळीने बांधलेलं. शिआनजवळच्या लिंतोंगची डाळिंबं तिकडे फार प्रसिद्ध, मातीचं सैन्य सापडलं तेच लिंतोंग, आणि ऑक्टोबर म्हणजे ऐन हंगाम. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपला फोन तोंडाशी नेऊन काहीतरी बोलल्या आणि फोनमधून चक्क हिंदीत आवाज आला, माझी गाडी उशिरा आहे, माझ्याबरोबर चला. एवढंच. आणि खोकं उचलून निघाल्यासुद्धा.

त्या पुढे, आम्ही मागे. जिने उतरून मेट्रोत. चार नंबरची लाईन जुन्या स्टेशनापासून थेट उत्तर स्टेशनापर्यंत जाते, हे आम्हाला कुठून माहिती असणार. मशीनसमोर उभं राहून त्यांनी स्वतःच्या फोनवरून आमची तीन तिकिटं काढली. दादाने युआनच्या नोटा पुढे केल्या तर त्यांनी त्याची मूठ मिटवून त्याच्याच खिशाकडे ढकलली, मोठी बहीण ढकलते ना तशी. आम्हाला वाटलं इथून परत जातील. तर आमच्याबरोबर मेट्रोतही बसल्या. आईचा हात धरून बसल्या. दोघी एकमेकींशी बोलत होत्या, आई मराठीत, त्या चिनीत, आणि मी शप्पथ सांगते दोघींना कळत होतं, कारण आईने विचारलं मुली किती, तर त्यांनी एक बोट वर केलं आणि मग डाळिंबांच्या खोक्यावर हात ठेवला. मुलीकडे चालल्या होत्या, तिच्यासाठी डाळिंबं.

आमची गाडी गेली ती गेलीच. तिकडे गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं, ते बंद झालं की कोणासाठी उघडत नाही. पण या बाईंनी आम्हाला तिकीट-खिडकीपर्यंत नेलं आणि तिथल्या माणसाला सगळं समजावलं. गाडी चुकली तरी त्याच दिवसाच्या दुसऱ्या गाडीत जागा असेल तर तिकीट एकदा बदलून मिळतं. हे लक्षात ठेवा, गाडी चुकली तर तसंच हॉटेलवर परत जाऊ नका, खिडकीवर जा. आम्हाला दुपारची गाडी मिळाली, तिघांच्या जागा तीन डब्यांत.

मग निरोप. त्यांनी सुतळी सैल केली आणि दोन डाळिंबं काढून आईच्या हातात ठेवली. आई एक क्षण बघत राहिली. मग तिने पर्स उघडली, आणि तिच्या पर्समध्ये कायम एक खण असतो, कुठेही जाऊ दे, मंगळावर गेली तरी असेल, हिरवा, लाल काठाचा. तो तिने घडी न मोडता त्या बाईंच्या ओंजळीत ठेवला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी तो खण जॅकेटवर छातीशी धरून बघितला, काठावरून अंगठा फिरवला. फळ घेतलं आणि खण दिला, म्हणजे खणाने ओटी भरलीच की. आईच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला होता.

ह्युएन त्संग आपण शाळेत शिकलो ना, याच शिआनहून तो भारताकडे निघाला होता. आदल्या संध्याकाळीच आम्ही त्याचा पॅगोडा बघून आलो होतो, त्याने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ साली बांधलेला. महाराष्ट्रातही तो येऊन गेला, पुलकेशीच्या काळात, आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत असं त्याने लिहून ठेवलंय. मला ते तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि आईचा फार अभिमान वाटला. आणि परतीच्या प्रवासाचं म्हणाल तर त्याच्याइतका कोणाचा झाला नसेल. सिंधू नदीत नाव कलंडली, पोथ्या वाहून गेल्या, पुन्हा नकला मिळेपर्यंत थांबला. शिवाय बादशहाच्या परवानगीशिवाय देश सोडला होता, म्हणून वाटेतल्या खोतानला थांबून आधी पत्र पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसला. ६४५ साली पोचला एकदाचा, ६५७ ग्रंथ घेऊन. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याच्या येण्याबद्दल असतं, परत जाण्याबद्दल काहीच नसतं, ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बरं. तर दुपारी निघालो. दोन हजार किलोमीटरच्या वरचं अंतर आहे, आठ तास धरा. उत्तरेची कोरडी शेतं, मग वूहानला यांगत्सी नदी, मग पाणी साचलेली भाताची खाचरं, आणि मग अंधार. गाडीच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, स्टेशनवर असतो, विमानतळावर असतो. तिकडची माणसं थंड पाणी पीतच नाहीत म्हणा ना. आईने डब्यात भाजलेल्या पोह्यांचं पाकीट आणलं होतं, त्यावर ते पाणी ओतलं, पाच मिनिटं झाकलं, लिंबू नव्हतं म्हणून डाळिंबाचे दाणे घातले. आपल्याकडे रेल्वेत असा एक साधा नळ का देता येत नाही, म्हातारी माणसं असतात, बाळांच्या बाटल्या असतात, हे मी दर प्रवासात म्हणते आणि म्हणत राहणार.

ग्वांगझू दक्षिणला उतरलो तेव्हा रात्र झाली होती, हाँगकाँगची गाडी गेलेली. स्टेशनाचं नाव लक्षात घ्या, ग्वांगझूनान. नान म्हणजे दक्षिण. दोंग पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, बेई उत्तर. हे चार शब्द पाठ करा आणि जमलं तर चार अक्षरंही ओळखायला शिका. बेईचं अक्षर तर सोपंय, पाठीला पाठ लावून बसलेली दोन माणसं, मुळात ते चित्र तसंच होतं. पुन्हा सांगते, दोंग, शी, नान, बेई. तिकिटावरच्या नावाचं शेपूट वाचल्याशिवाय टॅक्सीत बसू नका.

त्या रात्री ग्वांगझूतच झोपलो. हाँगकाँगच्या हॉटेलचे पैसे गेले, पण विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं म्हणून ते राहिलं. बघा, मोकळी रात्र. दादा काही बोलला नाही, त्याने फक्त आईच्या पायाखाली दोन उशा ठेवल्या. बसून बसून तिचे घोटे सुजले होते, चपलेचा पट्टा रुतून त्याचा वळ उठला होता. म्हातारं माणूस बरोबर असेल तर दर तासाला उठवा, डब्यातून एक फेरी मारायला लावा, आम्ही तीन डब्यांत विखुरलेलो म्हणून ते राहून गेलं.

पुढचं पटकन सांगते. ग्वांगझूहून हाँगकाँगचं वेस्ट कवलून म्हणजे तासाभराचा प्रवास, २०१८ पासून ही लाईन आहे, आणि चीनमधून बाहेर पडायचा शिक्का आणि हाँगकाँगमध्ये शिरायची तपासणी, दोन्ही तिथे एकाच स्टेशनात होतं. पण आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना हाँगकाँगसाठी आधी ऑनलाईन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं. फुकट असतं, साध्या ए-फोर कागदावर प्रिंट काढायची. ती घरूनच काढून न्या, चीनमध्ये प्रिंटर शोधत फिरायची वेळ आणू नका. आणि पॉवर बँकेवर क्षमतेचा आकडा स्पष्ट छापलेला हवा, पुसट असेल तर ती काढून घेतात, आणि जून २०२५ पासून तर तिकडच्या देशांतर्गत विमानांत त्यांचा थ्री-सी हा सुरक्षिततेचा शिक्का नसलेली चालतच नाही.

विमानात आईने घड्याळ अडीच तास मागे केलं. सगळ्या चीनमध्ये एकच वेळ, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून परतीचा दिवस साडेसव्वीस तासांचा होतो, आणि तो जास्तीचा वेळ नेमका पायांत आणि पाठीत जाणवतो. मध्यरात्रीनंतर मुंबई, मग बॅगांची वाट बघणं, मग घाटातलं धुकं. लोणावळ्याला गाडी थांबवली तेव्हा आई उतरली नाही, खिडकीतूनच चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली. आणि कृपा करून नातेवाईकांनी परतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी भेटायला जाऊ नये. दाराशी पोळी-भाजीचा डबा ठेवावा आणि जावं.

साडेपाचला कुलूप उघडलं. घरात बंद घराचा वास, तुळस सुकलेली. आईने आधी तुळशीला पाणी घातलं आणि मग म्हणाली, अगं, त्या बाईंना कळव की. स्टेशनवर त्यांनी माझ्या फोनमध्ये स्वतःला जोडून दिलं होतं. मी म्हटलं, आई, झोप ना आता, उद्या कळवते. ती ऐकेना, खुर्चीत बसून राहिली. मग मी लिहिलं, दाओ जिया ल, म्हणजे घरी पोचलो. साडेसहाला, म्हणजे तिकडचे नऊ, उत्तर आलं. आधी एक फोटो, टेबलावर तो हिरवा खण पसरलेला आणि त्यावर बशीत डाळिंबाचे दाणे. खाली एक ओळ होती, ती मी भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून आईला वाचून दाखवली.

आईला सांगा, आता झोपा.