पाण्याचे वजन

श्रोतेहो, नमस्कार. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टा या गावापासून उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे 2,700 किलोमीटर लांबीचा असून तो त्या खंडाच्या अगदी कोरड्या गाभ्यातून जातो. जॉन मॅकडुअल स्टुअर्ट या शोधकाने 1862 मध्ये दक्षिणेकडून निघून उत्तरेचा समुद्र गाठला, त्याचे नाव या रस्त्याला मिळाले, आणि रस्ता पूर्ण डांबरी व्हायला मात्र 1987 साल उजाडावे लागले. याच रस्त्याने माझे यजमान आणि मी, मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून, खंडाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावापर्यंत गेलो. त्या प्रवासात जे मनावर ठसले ते आधीच सांगते : वाळवंटात निघताना पाणी किती घेतले याइतकेच ते कुठे ठेवले यालाही महत्त्व असते.

चाकांवरच्या घरात संसार कसा मांडायचा हे तुम्हाला मी सांगायला नको. पलंग, ओटा, शेगडी आणि कपाटे जशी घरात असतात तशीच तिथे असतात, फक्त लहान. आमच्या कॅरॅव्हॅनच्या तळाखाली पाण्याच्या दोन टाक्या होत्या, एक चाकांच्या पुढे आणि एक चाकांच्या मागे, प्रत्येकी 80 लिटरची. लिटरला एक किलो धरले तर दोन्ही मिळून 160 किलो वजन झाले. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग मोटारीच्या जोडणीवर पडावा लागतो, कारण हा पुढचा भार कमी झाला की मागचे घर शेपटीसारखे झोल खाऊ लागते. पुन्हा सांगते, पुढचा भार कमी झाला की घर झोल खाते.

हे गणित उंटवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. कारवाँ, म्हणजे वाळवंटातून एकत्र जाणाऱ्या वाटसरूंचा तांडा, हाच कॅरॅव्हॅन या शब्दाचा मूळ अर्थ आहे. 1860 मध्ये बर्क आणि विल्स या शोधकांच्या मोहिमेसाठी कराचीहून 24 उंट मेलबर्नला नेण्यात आले, आणि पुढच्या काळात बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातून आलेल्या उंटवाल्यांनी, उंटाच्या दोन्ही अंगांना समान ओझे लादून, या मुलखात धान्य, लोकर आणि तारयंत्राचे सामान वाहिले. त्या सर्वांना तिथे सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले. ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या ‘घान’ या रेल्वेचे नावही त्यावरूनच आले आहे. माझे स्पष्ट मत आहे की हायवेला जसे शोधकाचे नाव मिळाले, तशी या माणसांची नावे त्यांच्या गावांसह रस्त्याकडेच्या फलकांवर लिहिली गेली पाहिजेत.

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगते. ग्लेनडॅम्बो ही वस्ती सोडली की कूबर पीडी या गावापर्यंत सुमारे 250 किलोमीटर पेट्रोलपंप नाही. निम्मी वाट संपली असेल, आणि समोरून तीन ट्रेलरची रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक जोड-गाड्या ओढणारा मालट्रक, आली. या गाड्या साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असतात, आणि त्या शेजारून जाताना वाऱ्याचा लोट मोटारीला आधी बाहेर ढकलतो व मग आत ओढतो. त्या दिवशी लोट निघून गेला तरी कॅरॅव्हॅन डुलतच राहिली. यजमानांनी मोटारीचा ब्रेक दाबला नाही. पाय हळूहळू वर घेत त्यांनी फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावणारे बटण दाबले, आणि तीन-चार हेलकाव्यांनंतर घर सरळ झाले. “वारा असेल,” ते म्हणाले. मला ते पटले नाही, कारण बाहेरचे झुडूप हलत नव्हते.

तेवढ्यात गाडीतून गाडीशी बोलायच्या यूएचएफ रेडिओवर, मालवाहू गाड्यांचे चालक जो वापरतात त्या 40 क्रमांकाच्या चॅनेलवर, नुकत्याच शेजारून गेलेल्या चालकाचा आवाज आला : “पांढऱ्या कॅरॅव्हॅनवाल्यांनो, तुमच्या मागे रस्त्यावर ओली रेघ उमटते आहे.” पुढे गाड्या थांबवण्यासाठी मोकळी जागा किती अंतरावर आहे तेही त्याने सांगितले, आणि आम्ही तिथे पोहोचल्याचे कळवेपर्यंत तो दर दोन मिनिटांनी आमची विचारपूस करत राहिला.

खाली वाकून पाहिले तेव्हा पुढच्या टाकीचा निचऱ्याचा नळ दगड लागून मुळाशी तडकलेला होता. शेवटची धार करंगळीएवढी उरली होती, आणि लाल मातीत पडलेले पाणी आमच्या डोळ्यांदेखत कडेकडेने सुकत होते. पुढची टाकी रिकामी, मागची काठोकाठ भरलेली. म्हणजे 80 किलोचा भार नाकावरून, म्हणजे पुढच्या बाजूवरून, कमी झाला होता आणि 80 किलोचा भार शेपटीला लटकत होता.

यजमान म्हणाले की मागची टाकीही इथेच मोकळी करावी, घर सरळ चालेल आणि संध्याकाळपर्यंत आपण कूबर पीडीत असू. चालवण्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी म्हटले, “अहो, मोटार मध्येच बंद पडली तर? आपल्याजवळ मोटारीत फक्त एक 20 लिटरचा कॅन आहे.” पाणी सांडायचे नाही, ते हलवायचे, असे ठरले. मग नळाखाली परात धरून मी मगाने उपसत गेले आणि भरलेले एकेक भांडे मोटारीत ठेवत गेले : दोन बादल्या, कुकर, भाताचे पातेले, किटली, पाण्याच्या सगळ्या बाटल्या, आणि शेवटी पिठाचा डबा पिशवीत रिकामा करून तोसुद्धा. झाकणे ओढणीच्या पट्ट्यांनी बांधली. कपाटातले डाळ-तांदळाचे डबे पलंगाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे नाकाकडे, सरकवले. दीड तास गेला, साधारण 60 लिटर पाणी मोटारीत आले, आणि ताशी 70 किलोमीटरच्या वर न जाता आम्ही निघालो. घर पुन्हा एकदाही डुलले नाही.

कूबर पीडी हे ओपल या रत्नाच्या खाणींचे गाव आहे. ओपल तिथे 1915 मध्ये सापडले, आणि उन्हाळ्याच्या झळांपासून वाचण्यासाठी तिथले अनेक लोक आजही टेकडीत कोरलेल्या घरांत राहतात. गावाचे पाणी सुमारे 24 किलोमीटरवरच्या खोल विहिरीतून येते आणि क्षार काढूनच ते पिण्याजोगे होते. तिथे नाणे टाकून पाणी भरायच्या नळाजवळ उभे असताना बादलीतले पाणी मी मागच्या टाकीत परत ओतले, थेंबही जमिनीवर पडू दिला नाही.

नवा नळ बसवून घेतला आणि त्यावर लोखंडी पत्र्याचे आवरण केले. ॲलिस स्प्रिंग्जपर्यंतचे उरलेले सुमारे 690 किलोमीटर आम्ही आणखी दोन 20 लिटरचे कॅन मोटारीत ठेवून गेलो. कॅरॅव्हॅनमध्ये नव्हे, मोटारीत, कारण प्रसंग आला तर घर रस्त्याकडेला सोडून मोटार पुढे नेता येते. कूबर पीडीतल्या त्या रात्री कुकरमधल्या पाण्यातच भात लावला होता. नमस्कार.