बावीस कोअर घातले आणि व्याजाचं काम आठ मिनिटं जास्त चाललं

मला खरं तर विषय दिला होता ‘सर्व्हरचा प्रोसेसर अपग्रेड कसा करावा’. मी म्हटलं कसा करावा ते यूट्यूबवर आहे, हीटसिंकचे चार स्क्रू काढायचे, चिप बदलायची, पेस्ट लावायची, संपलं. मी बोलतो ते केल्यानंतर काहीच फरक का पडत नाही यावर, कारण मला जे फोन येतात ते सगळे त्याचेच असतात. ‘सर, एवढे पैसे घातले, मशीन आहे तसंच आहे.’ आणि एकदा तर फोन असा आला की सर, मशीन आधीपेक्षा हळू झालंय. त्या फोनपासूनच सुरू करतो.

एक पतसंस्था. नाव सांगत नाही, इथे त्यांचे दोन-चार सभासद नक्की बसले असतील. लाखभर खाती, आणि वर्षाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ३१ मार्चची व्याज आकारणी. त्यांचा सर्व्हर एका प्रोसेसरचा होता, इंटेलचा झिऑन ई५-२६३७ व्ही४, चार कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये हिशोब करणारे चार जण. व्याजाचं काम १ तास ३५ मिनिटं चालायचं आणि तेवढा वेळ सगळा स्टाफ चहा पीत बसायचा. चेअरमन साहेबांच्या पुतण्याने सांगितलं की अहो चार कोअरवर आजकाल मोबाईल पण चालत नाही, ते बदला. मग बाजारातून सेकंडहँड ई५-२६९९ व्ही४ आणला, बावीस कोअरचा. सॉकेट, म्हणजे चिप बसते ती जागा, तोच, त्यामुळे बोर्ड बदलायचा नव्हता, बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि मशीन पहिल्या झटक्यात उठलं. हायपरथ्रेडिंगमुळे एक कोअर दोन असल्यासारखा दिसतो, म्हणून स्क्रीनवर बावीसचे चव्वेचाळीस डबे दिसतात, तो चव्वेचाळीस डब्यांचा फोटो चेअरमन साहेबांनी संचालकांच्या ग्रुपवर टाकला. मग ट्रायल म्हणून व्याज चालवलं. १ तास ४३ मिनिटं.

मॅनेजरचा मला रात्री साडेनऊला फोन, ‘सर, प्रोसेसर डुप्लिकेट आलाय का?’

डुप्लिकेट नव्हता. मी गेलो, काम चालू केलं आणि नुसता बघत बसलो. हे बघत बसणं लोक करत नाहीत, कोटेशन आधी मागवतात. चव्वेचाळीस डब्यांपैकी एकच हलत होता, बाकीचे त्रेचाळीस झोपलेले. आणि जो हलत होता तोही अर्धा वेळ रिकामा, कारण डिस्कची वाट बघतोय.

आता एकच का? तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो एका खात्यामागून एक असाच लिहिलाय, पहिलं खातं घे, व्याज काढ, नोंद टाक, पुढचं घे. तुम्ही म्हणाल मग वाटून द्या ना बावीस जणांत. मी पण म्हटलं. तर प्रत्येक नोंदीला व्हाउचर नंबर लागतो आणि तो सलग पाहिजे, मध्ये एक नंबर जरी गळला तरी ऑडिटर विचारतो. म्हणजे बावीस कोअर एकाच व्हाउचर पुस्तकासमोर रांगेत उभे. रेशन दुकानात काटा एकच असेल तर आत बावीस माणसं ठेवून काय करणार? नंबर शेवटी एकदम देता येतात, पण त्यासाठी प्रोग्राम बदलायला हवा आणि तो लिहिणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

आता डिस्ककडे या, इथे खरी गंमत आहे. प्रत्येक खात्यामागे चार कमिट होते, व्याजाची नोंद, टीडीएस, शिल्लक, आणि ऑडिटची एक ओळ. कमिट म्हणजे डेटाबेस म्हणतो की हे डिस्कवर खरंच उमटलं अशी खात्री मिळाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. डिस्क म्हणजे आत फिरणारी ताटली, ७,२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७,२०० फेऱ्या, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. कमिट झाला की पुढच्या कमिटला तीच जागा परत लिहिणाऱ्या हेडखाली यायला साधारण एक फेरी जाते. लाख खाती गुणिले चार, चार लाख फेऱ्या, गुणिले ८.३ मिलिसेकंद, करा हिशोब, ५५ मिनिटं. ती नुसती ताटली फिरण्यात जातात. यात प्रोसेसर कुठेच नाही, तो अमेरिकेतला असो नाहीतर स्वर्गातला.

पण सर्व्हरमध्ये रेड (RAID) कार्ड असतं, डिस्क सांभाळणारं, आणि त्याच्यावर स्वतःची मेमरी असते, ती कमिट लगेच घेते आणि डिस्कवर मागाहून निवांत लिहिते, त्याला राइट-बॅक म्हणतात. लाइट गेली तर त्या मेमरीतलं जाऊ नये म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी असते. ती बॅटरी मेली की कार्ड शहाणपणा करून राइट-बॅक बंद करतं आणि प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहायला लागतं. कार्डाचा लॉग उघडला तर दोन वर्षांपासून ते ओरडतंय, बॅटरी फेल, बॅटरी फेल. ऐकायला कोण होतं? सर्व्हर माळ्यावर, यूपीएसच्या बाजूला, वर जुन्या पासबुकांचे गठ्ठे.

म्हणजे आधीच्या ९५ मिनिटांचा हिशोब असा की ५५ डिस्कची आणि ४० प्रोसेसरची. समजा दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला असता तर ४० ची २० झाली असती, एकूण ७५. पैसे दुप्पट वेगाचे दिले आणि वाचला पाचवा हिस्सा. आणि समजा अनंत वेगाचा आणला, हिशोब शून्य वेळात होतो, तरी ५५ मिनिटं उरतातच. हे काही माझं संशोधन नाही, जीन अ‍ॅमडाल नावाच्या आयबीएमच्या माणसाने १९६७ मध्ये हेच मांडलं, जो भाग वाटता येत नाही तो तुमची मर्यादा ठरवतो. कामाचा दहावा हिस्सा जरी एकट्याने करायचा असेल तर हजार प्रोसेसर लावा, दहापटीच्या पुढे जात नाही.

बरं, फरक पडला नाही हे समजलं, पण आठ मिनिटं वाढली कशी? तर जुन्या चिपचा बेस क्लॉक, म्हणजे कोअरचा नेहमीचा वेग, होता ३.५ गिगाहर्ट्झ आणि बावीस कोअरवाल्याचा २.२. ज्याचं काम एकाच कोअरवर चालतं त्याच्यासाठी ही पदावनती आहे. कागदावर टर्बो, म्हणजे थोडेच कोअर चालू असताना चढणारा वेग, ३.६ लिहिलाय, जुन्याचा ३.७ होता, म्हणजे खरं तर फार फरक पडायला नको होता. पण बायोस अपडेट करताना सेटिंग डिफॉल्टवर गेली आणि पॉवर सेव्हिंग चालू झालं, ते कुणी बघितलंच नाही. नवीन म्हणजे वेगवान असं जे डोक्यात बसलंय ना, ते जुन्या दिवसांतलं आहे, तेव्हा दर दोन वर्षांनी क्लॉक खरंच वाढायचा. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणणार म्हणून जाहीर केलं होतं आणि २००४ मध्ये रद्द केलं, उष्णता आवरेना. तेव्हापासून कंपन्या क्लॉकऐवजी कोअर विकतात, आणि आपण कोअर मोजून विकत घेतो, वापरतं कोण ते बघत नाही.

आता दुसरी केस, कारण आत्ता कुणीतरी मनात म्हणत असेल की आमच्याकडे तसं नाही, आमचे सगळे डबे शंभर टक्के भरलेले असतात. छान. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

शंभर टक्के म्हणजे काय हो? ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने त्या कोअरवर कुणीतरी बसलेलं आहे, एवढंच. तो काम करतोय की मेमरीतून डेटा यायची वाट बघतोय हे त्या आकड्यात कळत नाही. डिस्कची वाट बघितली तर कोअर रिकामा दाखवतात, मेमरीची वाट बघितली तर बिझी दाखवतात. सरकारी ऑफिसात खुर्चीवर कोट टांगलेला असतो ना, साहेब आहेत असं धरतात, तसं.

किती वाट? ३ गिगाहर्ट्झला एक सायकल, प्रोसेसरचा एक ठोका, म्हणजे सेकंदाचा तीन अब्जावा भाग. तो भाग आपण एक सेकंद धरू. मग सगळ्यात जवळच्या कॅशमधून, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या मेमरीतून, आकडा यायला चार-पाच सेकंद लागतात. रॅममधून यायला, शंभर नॅनोसेकंद धरले तर, पाच मिनिटं. बऱ्यापैकी एसएसडीमधून शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे साडेतीन दिवस. आणि आपल्या पतसंस्थेच्या डिस्कची ती एक फेरी? नऊ-साडेनऊ महिने. एका कमिटमध्ये बाळंतपण होऊन बारसं उरकतं.

तर ती दुसरी केस, एका कारखान्याचा रिपोर्ट सर्व्हर, हेच बावीस कोअरचं मशीन, सगळे कोअर शंभर टक्के, आणि चार कोअरवरून बावीसवर येऊन रिपोर्ट जेमतेम थोडे लवकर निघत होते. मी परफ स्टॅट लावलं, लिनक्सवर फुकट आहे, ते एका सायकलला किती इन्स्ट्रक्शन झाल्या ते सांगतं. असा प्रोसेसर एका सायकलला तीन-चार सुद्धा काढू शकतो. इथे आकडा ०.४. म्हणजे बावीस माणसं ओट्याशी उभी आणि भाजी मंडईतून यायचीय. झाकण उघडलं तर ६४ जीबी रॅम, पण ३२ च्या दोन स्टिक. या प्रोसेसरला मेमरीचे चार रस्ते आहेत, डीडीआर४-२४०० ला चारही मिळून सेकंदाला ७६.८ जीबी. दोनच स्टिक म्हणजे दोनच रस्ते, निम्मे बंद. तेवढीच ६४ जीबी १६ च्या चार स्टिक लावून केली, रिपोर्ट जवळजवळ निम्म्या वेळात. रॅम एक जीबीने वाढवली नाही, फक्त खाचा बदलल्या.

आणि चारही रस्ते चालू असले तरी बघा, ते ७६.८ चार कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाला १९ च्या वर येतात, बावीसमध्ये वाटले तर साडेतीन. दोन्ही चिपला रस्ते तेवढेच आहेत, वरात मोठी झाली आणि बोळ तोच राहिला. म्हणून चिप बघताना कोअरच्या आधी मेमरी चॅनेल किती ते बघत जा.

हे फक्त आपल्या छोट्या मशीनचं दुखणं नाही. पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत हवामानाची मॉडेलं चालतात, तसल्या कामाला गुणाकारापेक्षा डेटा हलवणं महाग पडतं. सुपरकॉम्प्युटरच्या याद्या ज्या टेस्टवर लागतात ती प्रोसेसरच्या सोयीची टेस्ट आहे. जपानचा फुगाकू त्या टेस्टला ४४२ पेटाफ्लॉप्स देतो (फ्लॉप्स म्हणजे सेकंदाला किती आकडेमोडी) आणि जी टेस्ट अशा खऱ्या कामाच्या जवळ जाते, एचपीसीजी, तिला १६. साडेतीन-पावणेचार टक्के. आणि फुगाकू त्यातला चांगला, बरीच मशीनं त्याच्याही खाली. म्हणून कुणी ब्रोशरवरचा फ्लॉप्सचा आकडा तोंडावर मारला तर घाबरू नका.

बाकीची कारणं पटापट. लायसन्स बघा, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची २०१६ ते २०२२ मधली स्टँडर्ड एडिशन २४ कोअरच्या वर वापरतच नाही, तुम्ही ६४ घाला. आणि लायसन्स कोअरवर मोजलेलं असेल, तर चिप स्वस्तात मिळाली तरी बिल पुढे येतं. वेब सर्व्हर असेल तर वेबसाइटची पानं तयार करणाऱ्या पीएचपी-एफपीएमची डिफॉल्ट फाइल बघा, मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी कामाला किती जण, पाच. पाच म्हणजे पाच, सहावा गिऱ्हाईक रांगेत, मागे चाळीस कोअर माशा मारतायत. मला ही हसायची गोष्ट वाटायची, आता इतक्यांदा बघितलीय की हसू येत नाही. व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या आभासी सर्व्हरला, कोअर उगाच जास्त देऊ नका, खाली खरे कोअर मोकळे नसले तर त्याला ताटकळावं लागतं. आणि लिनक्सवर लोड अ‍ॅव्हरेज, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत आहेत तो आकडा, ४० दिसला म्हणून प्रोसेसर कमी पडला असं नसतं, डिस्कसाठी अडकलेले प्रोसेस पण त्यात मोजतात. डिस्क मरायला टेकली की लोड असाच चढतो आणि लोक प्रोसेसर मागवतात.

मग अपग्रेड कधीच करू नये का? करा की. व्हिडिओ एन्कोडिंग, मोठा कोड कंपाइल करणं, रेंडरिंग, कॉम्प्रेशन, जिथे कामाचे तुकडे एकमेकांना विचारत नाहीत आणि डेटा कॅशमध्ये बसतो, तिथे कोअर वाढवले की लगेच दिसतं. माझा एक मित्र अ‍ॅनिमेशनवाला आहे, तो बावीस कोअरवर गेला आणि खूश आहे. त्याला मी कधी अडवलं नाही.

आता पतसंस्थेचं काय झालं ते सांगून थांबतो. रेड कार्डची बॅटरी मागवली, काही हजारांत आली, प्रोसेसरच्या मानाने चिल्लर. बायोसमध्ये पॉवर सेटिंग परफॉर्मन्सवर केली. व्याजाचं काम ४५ मिनिटांत उरकलं, बावीस कोअर त्याच मशीनमध्ये, त्यातले एकवीस अजून झोपलेलेच. मॅनेजरला मी दोनदा नीट समजावून सांगितलं की हे बॅटरीमुळे झालंय, ते हो हो म्हणाले. सप्टेंबरात त्यांची वार्षिक सभा झाली, अहवाल मला पोस्टाने आला. त्यात चेअरमन साहेबांच्या मनोगतात एक वाक्य आहे, ‘संस्थेने अत्याधुनिक बावीस कोअर प्रोसेसर बसविल्याने व्याज आकारणीचा वेळ निम्म्याहून कमी झाला असून पुढील वर्षी चव्वेचाळीस कोअरची तरतूद प्रस्तावित आहे.’