बाबांच्या नावातला ‘राव’ आणि नेदरलँड्सचं परमिट

नमस्कार मंडळी. मी सध्या सुट्टीवर नागपूरला आलोय, आल्यापासून रोज कोणी ना कोणी घरी येतं, सोबत एक पोरगा नाहीतर पोरगी असते, हातात फाईल असते, आणि चहा व्हायच्या आत प्रश्न येतो, भाऊ आमच्या पोराचं परदेशातल्या नोकरीचं परमिट कसं होईल. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं आज रेडिओवरच सांगून टाकावं, ज्याला लागेल त्यानं ऐकावं, बाकीच्यांनी पोहे खाता खाता ऐकलं तरी चालते.

मी गेलो नेदरलँड्सला, २०२५ मध्ये, म्हणून मी त्याच देशाचं सांगणार. तिथं हायली स्किल्ड मायग्रंट अशी एक कॅटेगरी आहे, त्यांच्या भाषेत केनिसमिग्रांट, म्हणजे ज्ञानाच्या जोरावर आलेला परदेशी माणूस. नाव ऐकून छाती फुगते. माझी पण फुगली होती. मी व्हीएनआयटीचा, म्हणजे आमचे काका लोक अजून ज्याला व्हीआरसीई म्हणतात तिथला, त्यामुळं मी काय केलं तर दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीटा, डिग्री, कोर्सची सर्टिफिकेटं, कॉलेजात रोबोटिक्समध्ये मिळालेलं प्रशस्तीपत्रक सुद्धा, सगळं लॅमिनेशन करून आणलं सीताबर्डीवरून. (लॅमिनेशन करू नका हो, अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशाला सांगणारा सरकारी शिक्का बसत नाही त्यावर, हा वेगळा मनस्ताप.) आणि मग कळलं की आयएनडी, म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं, त्याला माझी डिग्री नकोच होती. कोणी मागितलीच नाही. तुम्ही किती हुशार आहात हे तिथं कोणी मोजतच नाही, ते फक्त तीन गोष्टी बघतात, कंपनी कोणती, पगार किती आणि माणूस तोच आहे का.

पहिली गोष्ट कंपनी. हे नीट ऐका कारण इथंच लोकं फसतात. या परमिटचा अर्ज तुम्ही करतच नाही, कंपनी करते. आणि कोणतीही कंपनी नाही, आयएनडीनं जिला मान्यता दिलेली आहे तीच, रेकग्नाइज्ड स्पॉन्सर म्हणतात. या कंपन्यांची यादी आयएनडीच्या वेबसाइटवर उघडी पडलेली आहे, कोणीही मोबाइलवर बघू शकते, पैसे लागत नाहीत. आता तुम्हीच सांगा, अर्ज जर कंपनीच करते तर नंदनवनातला किंवा मानेवाड्यातला एजंट तीन लाख कशाचे मागून राहिला? माझ्या एका मामेभावाला असाच एक भेटला होता, कंपनीच्या लेटरहेडवर ऑफर लेटर, सही, शिक्का, सगळं झकास. मी म्हटलं नाव सांग, यादीत टाकलं, नाव नाही. मग त्या कंपनीचं स्पेलिंग बदलून टाकलं, तरी नाही. मामेभाऊ म्हणाला, अरे पण लेटर तर कलर प्रिंट आहे. आता काय बोलायचं.

जर्मनीचं वेगळं आहे बरं का, गल्लत करू नका. तिथल्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाच्या नोकरीच्या परमिटसाठी, सहसा डिग्री लागते, तुमची युनिव्हर्सिटी त्यांच्या आनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये कशी नोंदलेली आहे ते बघावं लागते, आणि व्हिसाचा अर्ज तुम्ही स्वतः करता. जर्मनीची गोष्ट नेदरलँड्सला लावायची आणि नेदरलँड्सची जर्मनीला, हे आपल्याकडं ग्रुपवर फार चालते, मग माणूस कन्फ्यूज होऊन बसतो.

दुसरी गोष्ट पगार, आणि इथं माझी स्वतःची फजिती झाली ती सांगतो. दरवर्षी १ जानेवारीला आयएनडी पगाराचा किमान आकडा बदलते. २०२५ ला तो होता, वय ३० किंवा जास्त असेल तर महिन्याला ५,६८८ युरो, आणि ३० पेक्षा कमी असेल तर ४,१७१. मी ३३ चा, म्हणजे मला मोठा आकडा. मला रिक्रूटरचा फोन आला, म्हणे वर्षाचे ७०,००० युरो, सगळं धरून. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला, ७० हजार भागिले १२, पाच हजार आठशेच्या वर, झालं म्हटलं, पास. आईनं संत्रा बर्फी आणली, शेजारी वाटली पण. आपल्याला सवय कशाची, सीटीसीची, पॅकेज म्हटलं की त्यात पीएफ, बोनस, कँटीनचे कूपन सगळं आलं. तिथं तसं नाही. तिथं प्रत्येकाला ८ टक्के हॉलिडे अलाउन्स मिळतो, बहुतेक ठिकाणी मे महिन्यात, आणि तो त्या किमान आकड्यात धरतच नाहीत. ‘सगळं धरून’ म्हणजे तो ८ टक्के पण त्या ७० हजारातच होता. तो काढला तर उरले ६४,८१५, त्याचे महिन्याला ५,४०१. म्हणजे मी नापास, २८७ युरोनं. बर्फी वाटून झाली होती तोवर.

नशीब की कंपनीच्या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट लिहिताना ते पकडलं आणि बेसिक वाढवून दिला. पण सगळ्याच कंपन्या वाढवून देतील असं नाही, त्यामुळं ऑफर आली की आधी विचारायचं, हॉलिडे अलाउन्स सोडून महिन्याचा ग्रॉस किती. लाजायचं नाही. आणि ज्यांचा तिसावा वाढदिवस जवळ आलाय त्यांनी तर कॅलेंडर समोर ठेवूनच बोलणी करावी, कारण अर्जाच्या वेळी वय किती यावर कोणता आकडा लागणार ते ठरते. २०२५ च्या हिशोबानं केक कापायच्या आत अर्ज गेला तर ४,१७१, नंतर गेला तर ५,६८८, दीड हजार युरोचा फरक होता राजेहो, महिन्याला.

अर्ज गेला की मग फार काही नसते. पासपोर्टची कॉपी, कॉन्ट्रॅक्ट, गुन्हे वगैरे नाहीत असं एक स्वतःचं लिहून दिलेलं डिक्लेरेशन, आणि आपण भारतीय म्हणून तिथं गेल्यावर टीबीची तपासणी करून घेईन असं एक. कंपनी मान्यताप्राप्त असली तर आयएनडी दोन आठवड्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करते. मग पासपोर्टवर एमव्हीव्हीचं, म्हणजे त्या देशात शिरायच्या व्हिसाचं, स्टिकर लावून घ्यायला आम्ही दोघं मुंबईला गेलो, विदर्भ एक्सप्रेसनं, बायकोनं डब्यात सांबारवडी घेतली होती, सकाळी उतरलो, बोटांचे ठसे दिले, फोटो दिला, संध्याकाळी परत. बायकोचं पण सोबतच झालं, आणि हे एक चांगलं आहे त्या परमिटचं, जोडीदाराला तिथं कुठंही नोकरी करता येते, वेगळं वर्क परमिट लागत नाही आणि जायच्या आधी डच भाषेची परीक्षा पण नाही.

आता तिसरी गोष्ट, माणूस तोच आहे का. माझं सगळ्यात जास्त रक्त यातच आटलं.

तिथं पोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवावं लागते, तेव्हा बीएसएन नावाचा नंबर मिळतो, त्याच्याशिवाय बँक नाही, पगार नाही, डॉक्टर नाही, आपल्या आधारचा मोठा भाऊ समजा. आणि या नोंदणीला जन्माचा दाखला लागतो, अपोस्टिल केलेला, लग्न झालं असेल तर लग्नाचा पण. परमिटच्या अर्जात हे दाखले कोणी मागत नाही, म्हणून सगळे शेवटच्या आठवड्यापर्यंत विसरतात. मी पण विसरलो असतो, पण बायकोनं एक दिवस ट्रंक उघडली.

माझा जन्मदाखला निघाला १९९२ चा, हातानं लिहिलेला, नुसता मराठीत, घडीवर फाटलेला. त्यात बाबांचं नाव नुसतं. माझ्या पासपोर्टवर बाबांचं नाव ‘राव’ लावून. रेशन कार्डावर ‘जी’ लावून. आता आपल्या विदर्भात हे काय नवीन आहे का, माणूस लहान असतो तेव्हा नुसता, लग्न झालं की राव, नातू झाला की रावजी, आणि तलाठ्याचा मूड असला तर दोन्ही. आपल्याला कळते की तो एकच माणूस आहे. तिकडच्या कम्प्युटरला हे तीन वेगळे माणसं वाटतात.

मी दुरुस्तीला गेलो एका ऑफिसात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, तुमच्या बाबांचं नाव राव आहे याचा पुरावा आणा. मी म्हटलं बाबाच आणतो. तो म्हणाला, बाबा नको, कागद पाहिजे. चार चकरा झाल्या, एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर डाउन, एकदा पितृपक्ष म्हणून अर्धा स्टाफ सुट्टीवर, एकदा मीच झेरॉक्स विसरलो, खोटं कशाला बोलू.

शेवटी बाबाच म्हणाले, चल गावाला, शाळेत माझं नाव असन. काटोलच्या पुढं आमचं गाव, बाबा चौथीपर्यंत तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. हेडमास्तरांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं, लाल कापडात बांधलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मास्तर बोट फिरवत पान उलटवत होते आणि बाबा मागून प्रत्येक नाव वाचत होते, हा वारला, हा अमरावतीले राहते, याच्याजवळ माझे दोन रुपये राहिले. मग सापडलं. निळ्या शाईत, टाकानं लिहिलेलं, आजोबांचं नाव, आडनाव, आणि बाबांचं नाव, पुढं राव, अगदी स्पष्ट. सहा वर्षाच्या पोराला कोणी राव लावते का, पण त्या गुरुजींनी लावला होता. मास्तरांनी टीसीची नक्कल लिहून दिली, बाबांनी खिशातून फुटाणे काढून सगळ्यांना दिले.

त्या टीसीवर माझं काम झालं. एक गोष्ट मला तेव्हाच कळली, जन्माच्या रजिस्टरमधली मूळ नोंद कधी खोडत नाहीत, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तसंच आहे, जुनं तसंच ठेवायचं आणि समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकायची. मग नवा दाखला मिळाला, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. त्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. भारत अपोस्टिलच्या करारात २००५ ला आला, त्यामुळं एवढ्यावर भागते, एम्बसीत जावं लागत नाही.

तुमच्या घरी पोरगं असेल, अगदी आठवीत असेल तरी, आज रात्री त्याचा जन्मदाखला काढून बघा. नावाच्या रकान्यात नाव आहे का नुसती रेघ आहे ते बघा, बरेच दाखले हॉस्पिटलमधून नाव ठेवायच्या आधीच गेलेले असतात आणि नंतर कोणी नाव टाकायला जातच नाही. आणि पोरींचं तर डबल आहे, लग्नाआधीचं नाव मार्कशीटवर, नंतरचं आधारवर, पासपोर्टवर तिसरंच, मधे नवऱ्याचं नाव का बापाचं नाव. पासपोर्टवर जे आहे तेच कॉन्ट्रॅक्टवर, तेच लग्नाच्या दाखल्यावर पाहिजे. लग्नाचं सर्टिफिकेट काढायला पत्रिका आणि फोटो शोधत बसावं लागते, ते पण नंतरवर टाकू नका.

टॅक्सचं एक राहिलं. बाहेरून बोलावलेल्या माणसाला तिथं ३० टक्के पगारावर टॅक्स लागत नाही अशी एक सवलत आहे, २०२७ पासून ती २७ टक्के होणार, जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. कंपनीसोबत मिळून अर्ज करायचा, रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत, उशीर झाला तर मधले महिने गेले. आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, दुसरी कंपनी पण त्या यादीतलीच लागते. हे मी जायच्या आधी कोणाला विचारलं नव्हतं, विचारायला पाहिजे होतं, पहिल्या हिवाळ्यात कंपनीत ले-ऑफची कुजबुज सुरू झाली तेव्हा रात्री झोप लागत नव्हती, संध्याकाळी पाच वाजताच अंधार आणि वरून ती बारीक रिमझिम, नागपूरचं ४६ डिग्री ऊन सुद्धा आठवून बरं वाटत होतं.

हां, तर नगरपालिकेत काय झालं ते सांगतो. खिडकी नाही, टेबल होतं, समोर खुर्ची. त्या बाईनं दाखला घेतला, अपोस्टिल तपासलं, मग पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं जिथं आईवडिलांची नावं असतात, आणि पेन्सिलीचं टोक एकेका अक्षराखालून नेलं. राव वर येऊन थांबली. दाखल्यात बघितलं. परत पासपोर्टात बघितलं. माझ्या पोटात गोळा. मग मान हलवली आणि टाइप करायला लागली.

पण गंमत बघा, माझ्या पासपोर्टात गिव्हन नेमच्या रकान्यात माझं नाव आणि बाबांचं नाव दोन्ही आहे, आपल्याकडं असतेच तसं. तिथं मधलं नाव बापाचं असते ही भानगडच नाही, त्यामुळं त्यांच्या हिशोबानं बाबांचं नाव हे माझंच दुसरं नाव झालं. बँकेच्या कार्डावर, पगाराच्या स्लिपवर, दाराच्या टपालपेटीवर, सगळीकडं आमच्या दोघांची आद्याक्षरं. हे मी बाबांना व्हिडिओ कॉलवर कार्ड दाखवून सांगितलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे पगार माह्याई नावावर येऊन राहिला म्हणायचं. अर्धा पाठवजो मंग.”

नमस्कार.