आधी दगड ओळखायचा

(दृश्य: घमेल्यात ओतले जाणारे चिखलमाखले दगड)

नाशिक जिल्ह्यातल्या खाणीतून निघालेले हे दगड. वर चिखल, चिखलाखाली हिरवट माती, आणि तिच्याही खाली हा पांढरा, टणक थर. हा कॅल्साइट नावाच्या खनिजाचा. बोअरच्या पाण्यानं तोटीवर क्षार चढतो ना, त्याच जातीचा. त्याच्या आत काय आहे, हे अजून कुणालाच दिसलेलं नाही.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्रावर लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले आणि काळ्या पाषाणात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक धरले. पीचच्या रंगाचं स्टिल्बाइट. सुयांच्या जुडग्यासारखं स्कोलेसाइट. काचेसारखं नितळ, कधी हिरवं ॲपोफिलाइट. आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी जगभर गाजवलेलं गडद निळं कॅव्हान्साइट. बऱ्याचदा या सगळ्यांच्या मागून कॅल्साइट आलं आणि त्यांच्याच अंगावर बसलं.

देशोदेशीच्या संग्रहालयांत या खनिजांखाली नाशिक, पुणे, जळगाव अशी नावं लिहिलेली असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा स्फटिकांची दालनं भरली आहेत. पाटीवर खनिजाचं नाव असतं, गावाचं असतं. ज्या हातांनी हा थर उतरवला, त्यांचं सहसा नसतं. ते हात आता बघा.

(दृश्य: दगड साफ करणाऱ्या मावशींचे हात, जवळून)

पहिलं काम पाण्याचं. दगड भिजत घालायचा, माती आपोआप सुटू द्यायची, मग मऊ ब्रश. गरम पाणी नाही, उन्हात तापलेल्या दगडावर गार पाणीही नाही. या खनिजांच्या घडणीतच पाणी असतं. 1756 मध्ये ॲक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं असं एक खनिज तापवलं, तेव्हा त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडलं आणि दगड उकळल्यासारखा फसफसला. म्हणून इथे सगळं काम गार पाण्यात आणि सावलीत चालतं.

"मावशी, हा ॲसिडात टाकू का?"

"थांब रे बाळा, आधी बघू दे कोण आहे."

ॲसिड कॅल्साइटचा थर विरघळवतं, पण आतला दगड त्यात टिकेल का, हे त्याच्या जातीवर ठरतं. म्हणून हा प्रश्न दर दगडाला विचारावाच लागतो. जळगावकडची कॅल्सेडनी, जांभळा ॲमेथिस्ट, साधी गारगोटी, हे सगळे सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे दगड. हायड्रोक्लोरिक ॲसिड त्यांना काही करत नाही. गडचिरोलीत सिरोंचाकडे दगड झालेली झाडं आहेत. लाकडाची जागा सिलिकानं घेतली असेल, तर अशा लाकडाचंही तेच. पण लाकडात कॅल्साइटच भरलेलं असलं, तर ॲसिड थराबरोबर लाकूडही खाऊन टाकतं.

(दृश्य: टबात उठणारे बुडबुडे)

हा कॅल्सेडनीचा तुकडा. आधी तो साध्या पाण्यात मुरवला आहे, म्हणजे दगडाच्या बारीक भेगा पाण्यानं भरतात आणि ॲसिड खोल शिरत नाही. दहा भाग पाणी, त्यात एक भाग ॲसिड. नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. ते थांबले की एक तर थर संपला किंवा ॲसिडचा जोर संपला. मग धुणं, खाण्याच्या सोड्याचं पाणी, आणि पुढचे काही दिवस रोज पाणी बदलत भिजवणं. गंजाचे तांबूस डाग उरले तर ऑक्झॅलिक ॲसिड, पण कॅल्साइट पूर्ण गेल्यावरच. नाहीतर दोन्ही मिळून असा पांढरा थर बसतो की तो काढणं पहिल्यापेक्षा अवघड. ऑक्झॅलिक विषारी आहे, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावायचा नाही. ॲसिडच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, आणि वापरलेलं ॲसिडचं पाणी टाकायचं कुठे, हाही प्रश्न उरतोच.

(दृश्य: सुईचं टोक, पांढऱ्या थराखाली हिरवा स्फटिक)

आता हे बघा. थराखाली ॲपोफिलाइट आहे. ॲसिडात टाकलं असतं तर कॅल्साइट झटपट निघालं असतं, पण त्याबरोबर स्फटिकाची कांतीही गेली असती. ॲसिड त्याच्या घडणीतली खनिजद्रव्यं ओढून नेतं आणि वर निस्तेज पांढरं सिलिका ठेवून जातं. त्यावर उपाय नाही. म्हणून सुई.

कॅल्साइट ठरावीक तीन दिशांनीच फुटतं. मावशींनी शाळेत हे शिकलेलं नाही, सुईला ते कळतं. टोक त्या दिशेला लागलं की खपली सपाट उडते. चुकीच्या दिशेनं नुसती पांढरी भुकटी. आणि ॲपोफिलाइटची स्वतःची एक दुबळी बाजू आहे. टोकावर आडवा दाब पडला तर अख्खं टोक सपाट निखळतं. म्हणून सुई नेहमी टोकाकडून खाली, बुडाकडे.

(निवेदन थांबतं. सुईचा आवाज.)

एवढ्या कामाला दिवस जातो. विकताना भाव ठरतो तो चमक आणि टोक बघून, आणि ही दोन्ही इथे वाचलेली असतात. मजुरी मात्र दगड धुण्याच्या हिशेबानं मिळते. आमच्या मते हे कारागिरीचं काम आहे आणि त्याचे पैसे कारागिरीचेच मिळायला हवेत.

(दृश्य: कापसासारखे पांढरे गोळे असलेला दगड)

हा शेवटचा दगड पाण्याकडे नेलेलाच नाही. हे ओकेनाइट, केसांपेक्षा बारीक तंतूंचे गोळे. पाणी लागलं की तंतू एकमेकांना चिकटतात, ब्रश लागला की मोडतात. धूळ उडवायला रबरी फुग्याची हलकी हवा, तीही लांबून. बाजूला मातीचा एक डाग आहे. मावशी म्हणतात, "राहू दे तो. काढायला गेले तर गोळा जाईल." डागासकट दगड डब्यात बसला, बुडाला चिकटवून, वर कशाचाही स्पर्श होणार नाही असा.